सामानाच्या दाराखालचा पोचा

तिने त्याचं जॅकेट मागून धरलं आणि खसकन ओढलं.

विमान जागेवर येऊन थांबलं होतं, पण पोटाखालचा लाल दिवा अजून लुकलुकत होता. म्हणजे इंजिनं चालूच होती. आणि हा नवा उंच गडी, सामान चढवणाऱ्या बेल्टलोडरचा ड्रायव्हर, उडालेली टोपी पकडायला थेट विमानाभोवतीच्या धोक्याच्या रेषेच्या आत निघाला होता.

"माझं जॅकेट..." इंजिनं थांबल्यावर उसवलेल्या शिवणीकडे बघत तो पुटपुटला.

"अहो, जॅकेट शिवता येतं. इंजिनात गेलेला माणूस शिवता येत नाही."

त्यानं शिवण चाचपली. मग हसला. "तुम्हाला सगळे हेडबाई का म्हणतात, ते कळलं."

हेडबाई त्या पाळीची सुपरवायझर होती. विमान उतरल्यापासून परत निघेपर्यंत कुठली गाडी कधी लागायची, कोणी कुठे उभं राहायचं, हे तिच्या शब्दावर चालायचं. तिथल्या आवाजात बोलणं ऐकू येत नसे, कानांवर जाड झाकणं असत. मग हातांनीच बोलायचं. चाकं अडवली का? अडवली. शंकू लावले? लावले. आणि मग तो हळूच ओठांशी कप धरल्याची खूण करी — चहा? ती मान हलवून नाही म्हणे, पाठ फिरवी, आणि त्याला दिसणार नाही अशा बेतानं हसे.

"हल्ली कामावर जाताना आरशासमोर बराच वेळ लागतो," आई एकदा म्हणाली. "विमानं बघतात वाटतं तुला?"

"आई, काहीतरीच..."

मग ती दुपार आली. वारा सुटला होता, विमान गच्च भरलेलं, निघायला दहा मिनिटं. शेवटची बॅग आत गेली, दार लागलं, त्यानं बेल्टलोडर मागे घेतला. आणि थांबवला. खाली उतरला. दोन्ही हात डोक्यावर नेऊन त्यानं फुली केली. थांबा.

ती पळतच गेली.

"धक्का लागला." त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "अगदी हलका. पण लागला."

सामानाच्या दाराखाली बोटभर पोचा होता. दुसऱ्या कोणीही पाहिलं नव्हतं.

"रंग खरवडलाय नुसता," मॅनेजर घड्याळ बघत म्हणाला. "जाऊ द्या की."

तिने वॉकीटॉकी तोंडाशी नेला. "हे विमान जाणार नाही. प्रवासी उतरवा."

तासाभरानं इंजिनिअरनं आतला पत्रा उघडला. पोच्याच्या मागे, आधाराच्या पट्टीला तडा गेला होता. मॅनेजर कपाळ पुसत राहिला.

अहवाल तिलाच लिहायचा होता. तो समोर बसला होता.

"नोकरी जाईल?"

"माहीत नाही."

"तरी... जसं झालं तसंच लिहा."

तिला त्याचा हात हातात घ्यावासा वाटला. तिने वेळ लिहिली, तारीख लिहिली, खाली सही केली.

चार दिवसांनी चौकशी झाली.

"धक्का कशानं लागला?" साहेबांनी विचारलं. "गाडीत बिघाड होता?"

"नाही साहेब. माझं लक्ष नव्हतं."

"मग कुठे होतं?"

त्यानं मान खाली घातली. कान लालबुंद झाले होते. "सुपरवायझरबाई पंखाच्या टोकाशी उभ्या होत्या... तिकडे."

इंजिनिअरला खोकला आला. साहेब तिच्याकडे वळले. "तुम्हाला याची कल्पना होती?"

"नाही साहेब," ती टेबलाकडे बघत म्हणाली. मग खोटं बोलवेना. "म्हणजे... थोडीशी."

त्यानं स्वतःहून विमान थांबवलं म्हणून नोकरी वाचली. महिनाभर पुन्हा प्रशिक्षण, आणि यापुढे तिच्या पाळीत काम नाही.

बाहेर व्हरांड्यात तो भिंतीशी उभा होता. "माफ करा. सगळ्यांसमोर तुमचं नाव घ्यायला नको होतं. आता काही तुमची भेट होणार नाही."

"कामावर नाही होणार." ती दोन पावलं पुढे आली. "रविवारी मला सुट्टी असते. चहाला येशील?"

त्यानं चमकून वर पाहिलं. "येशील... म्हणालात?"

"आता मी तुझी सुपरवायझर नाही."

तो असा हसला, की येणारेजाणारे वळून बघायला लागले. "किती वाजता?"

"पाचला," ती म्हणाली. "आणि गाडी आणू नकोस. चालत ये."