कूलर कोणी बंद केला?

"मावशी, आत्ताच्या आत्ता या बाप्पा! घरात चोरी झाली."

फोनवर साहिलचा आवाज कापत होता. शोभाताईंनी चहाचा कप तसाच ठेवला, डोक्याला दुपट्टा गुंडाळला आणि गल्ली ओलांडली. मे महिन्यातले संध्याकाळचे पाच म्हणजे नागपुरात भर दुपारच. चपलेतूनही रस्ता भाजत होता.

शोभाताईंनी खापरखेड्याच्या वीजकेंद्रात, कंट्रोल रूममध्ये अठ्ठावीस वर्षं काढली होती. कोणतं यंत्र किती वाजता सुरू झालं, किती वाजता थांबलं, हे वहीत लिहिता लिहिता बाईंना वेळा ताडून बघायची खोड लागली ती लागलीच. वैशालीनगरातल्या त्या गल्लीत कुणाचं काही हरवलं की आधी शोभाताईंना हाक जायची, पोलिसांचं नंतर बघू.

साहिलच्या घरी बैठकीत त्याची आई प्रेमिला डोळे पुसत होती. बायको मोनाली कमरेवर हात ठेवून उभी होती. आणि साहिलची मोठी बहीण मिनल जिन्याच्या शेवटच्या पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

"काय गेलं?" शोभाताईंनी विचारलं.

"गाणी गेली, मावशी! सहाच्या सहा!" मोनाली उसळली. "उद्या बुद्धपौर्णिमा. कार्यक्रमाआधी लाउडस्पीकरवर लावायले आज सहा वाजेपर्यंत आयोजकांले पाठवायची आहेत. माझ्या लॅपटॉपवर पूर्ण फोल्डर होता. चारला उठून पाहते तर साफ! त्यातली कचरापेटी पण रिकामी! आणि सापडला कुठं? हिच्या कॉम्प्युटरवर!"

नणंद-भावजय मिळून गायच्या. पाच गाणी मोनालीची, सहावं दोघींचं. मोनालीचं म्हणणं सरळ होतं. मिनलला तिचं नाव सहन होत नव्हतं. गाणी गायब करून उद्या तिला तोंडघशी पाडायचा बेत होता.

"मंचावर आता ती राहीन, नाही तर मी," मोनाली म्हणाली. "आई, तुम्ही सांगा."

प्रेमिलाबाईंनी मान खाली घातली. "मिनल, उद्या तू घरीच राह्य वं बाई."

मिनलनं गुडघ्यांची मिठी आणखी आवळली. तेरा वर्षं दर बुद्धपौर्णिमेला ती गात होती.

"थांबा बाप्पा," शोभाताई म्हणाल्या. "फाशी द्यायची एवढी काय घाई आहे? साहिल, हे दोन कॉम्प्युटर जोडले कसे तू? मले समजेल असं सांग."

"घरच्या वाय-फायवरून, मावशी. वरच्या कॉम्प्युटरवर एक फोल्डर उघडा ठेवला आहे. खाली लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करतो, ते वरच्या फोल्डरात टाकतो. ताई वर मिक्सिंग करते, कोणता आवाज पुढं, कोणता मागं ते जुळवते. एकाच बाजूनं वाहते, नळासारखं."

"आणि वाय-फायचा डबा कुठं?"

"जिन्याच्या वरच्या टोकाला. तिथं एकच प्लग धड आहे. ताईचा कूलर बाहेर गॅलरीत, त्याची वायरही तिथंच. कूलर लावला की वाय-फाय बंद. म्हणून आम्ही सकाळीच पाठवून घेतो."

"हे घरात सगळ्यांले माहीत आहे?"

"हाव, सगळ्यांले."

वर जाऊन शोभाताईंनी मिनलचा कॉम्प्युटर पाहिला. फायली त्या उघड्या फोल्डरातच होत्या. कॉपी झाल्याच्या वेळा साहिलनं वाचून दाखवल्या. पहिलं गाणं तीन वाजून चार मिनिटं, शेवटचं तीन अकरा. कॉम्प्युटर मात्र सकाळपासून एकदाही बंद झालेला नव्हता.

खाली येऊन त्या मिनलजवळ पायरीवर टेकल्या. "तीन वाजता तू काय करून राहिली होती?"

"झोपली होती, मावशी. दोन वाजता एक मिक्स लावून दिलं. माझा जुना डबा तास-दीड तास घेते. दार लावून पडली. तीनच्या सुमारास घामाघूम होऊन जाग आली. कूलर बंद. म्हटलं लाईट गेली. डोळे न उघडता तशीच पडून राहिली. दहा मिनिटांनी आली परत."

"झूठ!" मोनाली ओरडली. "लाईट गेलीच नाही!"

"साहिल?"

साहिलनं बहिणीकडे बघितलं नाही. "नाही गेली, मावशी. मी मागं स्वयंपाकघरात उद्याचे पांढरे कपडे इस्त्री करत होतो. इस्त्री गरमच होती."

प्रेमिलाबाईंनी पदर तोंडाला लावला. आता काय राहिलं होतं विचारायचं?

"मोनाली, तू?"

"खालच्या खोलीत झोपली होती. लॅपटॉप उशाशीच होता."

"मग त्यातून कुणी काढलं कसं?"

"वाय-फायवरून ओढलं असन! हातानं तर कुणी उघडूच शकत नाही. पासवर्ड आहे त्याले. मी साहिललेही देत नाही, रेकॉर्डिंगले लागला तर मीच उघडून देते."

शोभाताईंनी चष्मा काढून पुसला. खोलीत एवढं गरम होतं की घामानं काच लगेच परत धुरकट झाली.

"मिनल निर्दोष आहे," त्या म्हणाल्या.

"असं कसं, मावशी?"

"ऐका. गाणी तीन वाजून चार मिनिटांनी गेली, म्हणजे तेव्हा वाय-फाय चालू होतं. म्हणजे कूलर बंद होता. आता समजा, चोरी मिनलनं केली. तिनं काय सांगितलं असतं? 'मी कूलर लावून झोपली होती, कूलर थांबलाच नाही.' बस! कूलर चालू तर वाय-फाय बंद, तर चोरी कशी होईल? एवढी पक्की साक्ष तिच्या हातात होती, आणि या पोरीनं न विचारता, स्वतःच्या तोंडानं ती फेकून दिली. कूलर बंद होता, म्हणाली. चोर असं कधी बोलतो काय?"

साहिलनं मान वर केली.

"लाईट गेली नव्हती. तिचा कॉम्प्युटरही बंद पडला नाही. कुणीतरी जिन्यावर जाऊन कूलरचा प्लग काढला, डब्याचा लावला, आणि सात-आठ मिनिटांनी परत होता तसा केला. दार लावून झोपलेल्या मिनलले वाटलं, लाईट गेली."

"पण कोणी?" प्रेमिलाबाईंनी विचारलं.

"साहिल, आता तूच सांग. वरून खालचा लॅपटॉप उघडता येते?"

साहिलनं कपाळावर हात मारला. रागाच्या भरात स्वतःच जोडलेली गोष्ट तो विसरला होता. "नाही," तो हळूच म्हणाला. "लॅपटॉपवर मी काहीच उघडं ठेवलं नाही. खालूनच वर टाकता येते."

"म्हणजे गाणी कुणी ओढली नाहीत. लॅपटॉपवरून पाठवली, मग मूळची मिटवली. आणि तो लॅपटॉप उशाशी होता, त्याचा पासवर्ड नवऱ्यालेही माहीत नाही."

मोनालीचे हात कमरेवरून खाली आले. तिनं एकदा दाराकडे पाहिलं, मग मटकन खुर्चीत बसली.

"काहून वं?" शोभाताईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता. त्याही कधी काळी गुंजन नावाच्या सहकारिणीवर अशाच जळल्या होत्या, तिला आधी बढती मिळाली म्हणून तीन वर्षं तिच्याशी बोलल्या नव्हत्या. ती आग त्यांना ओळखू येत होती.

"पाच गाणी मी गाते," मोनाली फुटली. "पाच! साहिल एकदा 'बरं आहे' म्हणते. आणि सहाव्यात मिनलताईनं एक ओळ उचलली की 'वा!' दोघं तासन् तास वर बसतात. सहाव्यात ताईचा आवाज पुढं घेऊ, माझा मागं, असं म्हणाला हा! मी जळली, मावशी. रोज जळली. म्हटलं, एकदा ही मंचावर नसली म्हणजे..." पुढचं तिच्याच्यानं बोलवेना.

साहिलचा चेहरा उतरला. "मोनाली, अगं..."

"तू गप बस," मिनल पायरीवरून उठत म्हणाली. "चला वर."

सगळे जिना चढले. मिनलनं कॉम्प्युटरवर एक फाईल उघडली. सकाळीच आलेल्या रेकॉर्डिंगचं दुपारी दोनला लावलेलं मिक्स, साडेतीनला तयार झालेलं. सहावं गाणं सुरू झालं. पुढे, स्वच्छ, खणखणीत, मोनालीचा आवाज होता. मिनलचा मागून, हलकेच साथीला.

"साहिलनं उलटं सांगितलं होतं," मिनल म्हणाली. "मले पटलं नाही. हे गाणं तुझ्या गळ्याचं आहे. म्हटलं, उद्या तुले एकदमच ऐकवू."

मोनालीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"मिनल, उद्या गाशील ना वं?" प्रेमिलाबाईंनी भीत भीत विचारलं.

"गाईन ना. काहून नाही गाणार? पण माझा माइक वेगळा ठेवा."

घड्याळात साडेपाच झाले होते. गाणी पाठवायची तर वाय-फाय हवं होतं. कुणी सांगायच्या आधी मोनाली उठली, जिन्यावर गेली. कूलर घरघरत थांबला. खोलीत भट्टी पेटल्यागत झालं, पण कुणी जागचं हललं नाही. मिनलच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मोनालीनं आपल्या ओढणीचं टोक पुढे केलं. मिनलनं ते घेतलं नाही, स्वतःच्याच ओढणीनं कपाळ पुसलं.

सहाला पाच कमी असताना सहावं गाणं गेलं.

"जा, लाव आता कूलर," मिनल पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "आणि यापुढं बंद करशील, तर मले उठवून सांगून कर."