पूर्वमंजुरीचा एकच प्रश्न

मृण्मयी खांबेटेंचा अर्ज पूर्वमंजुरी कक्षातून तिसऱ्यांदा परत आला. शेरा तोच : ‘रुग्णाचा नकार.’

“अहो, माझा नवरा बेशुद्ध आहे!” त्या खिडकीशी ओरडल्या. “नकार देतंय कोण?”

नकार दिला होता तन्मयच्या प्रतिमनानं. घराच्या भिंतींत बसवलेली यंत्रं माणसाचं वर्षानुवर्षांचं बोलणं साठवत असत आणि त्यावरून संगणकात त्याच्या मनाची नक्कल तयार होई. तेच प्रतिमन. रुग्णाला बोलता येत नसेल, तर मोठ्या शस्त्रक्रियेची मंजुरी आधी या नकलेकडून घ्यायची, असा कायदा होता. तिला एकदाच विचारायचं, हवी की नको. पुढचे सगळे अर्ज त्याच उत्तरावर परत. तन्मयच्या मेंदूतली रक्ताची गुठळी सहाच्या आत काढली नाही तर तो उठणार नव्हता आणि साडेचार वाजून गेले होते. हा कायदा करणाऱ्यांच्या घरी कधी कुणी आजारीच पडलं नसावं.

बराच आरडाओरडा झाल्यावर प्रतिमनं घडवणाऱ्या डॉ. रुबीना अत्तार बाहेर आल्या.

“तो सगळ्यालाच आधी नको म्हणतो हो,” मृण्मयीबाई काकुळतीला आल्या. “चहा नको, पोळी नको. लग्नालासुद्धा नकोच म्हणाला होता! पुन्हा विचारलं की घेतो. तुमच्या त्या यंत्राला जरा आग्रह करायला सांगा ना.”

“आग्रह कायद्यानं दबाव ठरतो.” डॉक्टर घुटमळल्या. “पण नको म्हटल्यावर आग्रहानं हो म्हटल्याची एक जरी नोंद सापडली, तर मला दुसऱ्यांदा विचारता येईल.”

“एक? ढिगानं सापडतील!”

अकरा वर्षांच्या नोंदी होत्या. डॉक्टर शोधत राहिल्या. मृण्मयीबाईंचा जीव तेवढ्यापुरता भांड्यात पडला. पाच वाजून गेले.

“एकही नाही,” डॉक्टर म्हणाल्या.

“शक्यच नाही! नको म्हटलं की तो जरासा थांबतो. आपण पुन्हा विचारावं म्हणून.”

“थांबतात ना. तीही नोंद आहे. रोज जेवताना, साधारण चार सेकंद.” डॉक्टरांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. “मग तुम्ही भांडी उचलल्याचा आवाज येतो.”

मृण्मयीबाई पडद्याकडे बघत राहिल्या.

“तो नको म्हणाला होता,” त्या म्हणाल्या.