तिसऱ्यांदा आलेला आकडा

पुन्हा तीच गोष्ट सांगा म्हणे. सांगणाऱ्याचा चहा गार झाला तरी तुम्हाला काय त्याचं, भिया! ऐका, मध्ये बोलू नका.

इंदूरच्या विमानतळाजवळ पायलट लोकांना आराम करायला एक फ्लॅट आहे. तिथे रामभाऊ अकरा वर्षं स्वयंपाकाला होते. शिक्षण चौथी नापास, पण पोह्यांत मीठ कधी चुकलं नाही.

त्या दुपारी कॅप्टन समीर देवस्कर आणि त्यांची ज्युनिअर पायलट निधी दोन कंपन्यांनी छापलेले विमानाचे नकाशे घेऊन बसले. एकाचे आकडे मुंगीएवढे, दुसऱ्याचे ठसठशीत पण टेकड्या कमी. वाचायला सोपा कुठला, धोका कशात कमी, ते संध्याकाळपर्यंत ऑफिसला कळवायचं होतं. दिवसा झोपायला लावलेले जाड काळे पडदे ओढून एकच मंद दिवा ठेवला. विमानात रात्री एवढाच उजेड असतो म्हणे. आणि पायलटांची रीत अशी, की एकानं आकडा वाचायचा, दुसऱ्यानं तोच परत म्हणायचा.

रामभाऊ चहा घेऊन आले तेव्हा सिमरोलकडच्या टेकडीचं वाचन चाललं होतं. समीरनं उंची वाचली, "टू सेवन फोर झिरो." निधीनं दुसऱ्या नकाशावरून तेच म्हटलं. मग तिसऱ्यांदा आलं, कोरड्या घशातून, दोनशे फूट वाढवून.

"टू नाइन फोर झिरो."

समीरनं रामभाऊंकडे रोखून पाहिलं. म्हाताऱ्याला मस्करी सुचतेय, तक्रार लिहितो, उद्यापासून काम बंद, असं बरंच बोलला. मला इंग्रजी आकडे येत असते तर भांडी घासली असती का साब, असं रामभाऊंनी विचारलं.

"मग तोंडात पाणी धरा. गिळायचं नाही."

सत्तरीच्या माणसाला गाल फुगवून दिव्यासमोर उभं केलं. समीरनं वाचलं. निधीनं म्हटलं. जळक्या वायरीसारखा वास आला, आणि समीरच्याच खांद्यामागून, अगदी सावकाश…

"टू नाइन फोर झिरो."

"सर…" निधी पुटपुटली, "पाणी त्यांच्या तोंडातच आहे…"

समीरनं पडदे उघडले. मागे भिंत होती, बाकी काही नाही. तक्रार मात्र त्यानं लिहिलीच. खरं लिहिलं असतं तर त्याचंच उडणं बंद झालं असतं ना! रामभाऊंचं काम गेलं.

महिन्यानं समीरचा फोन आला. नुसता श्वास. "बोला साब," रामभाऊ म्हणाले. पलीकडे कोणी बोललं नाही. आणि समीरनं न बोललेलंच कोणीतरी परत म्हटलं, कोरड्या घशातून.

"रामभाऊ, माझी चूक झाली."

ती माफी रामभाऊ धरत नाहीत. माफी मागायची आहे ती कॅप्टन समीर देवस्करनं.