चालकाचं आसन पुढे सरकत नाही

तपासणी एक. फ्यूज शाबूत.

तपासणी दोन. बटणापर्यंत वीज येते. बटणातून पुढेही जाते.

तपासणी तीन. मोटर काढून थेट बॅटरीला जोडली. गरगर फिरली. परत बसवली.

यमुना केदारेने बाहीला कपाळ पुसलं. अंबडच्या या वर्कशॉपमधली तिची सलग दुसरी पाळी. सात जणांनी आसनावर बसून बटण दाबलं होतं आणि सातही जणांचं एकच मत पडलं होतं: मोटर गेली.

"ताई, पाचला चार पेशंट डायलिसिसवरून उठतात, त्यांना घरी सोडायचंय," गाडीचा चालक रामकिसन जाधवर तिसऱ्यांदा म्हणाला. "गाडी बिघडल्याचा दाखला असला तर दवाखाना एक दिवस दुसरी गाडी लावून खपवून घेतो. गाडी चांगली असून नाही गेलो, तर ठेका चालकरहित गाडीला."

तपासणी चार राहिली. चहा आला.

तपासणी पाच. आसनावर साठ किलोंची वाळूची गोणी ठेवली. आसन लोण्यासारखं पुढे सरकलं.

गोणी उतरवून यमुना बसली. ढिम्म.

"बिघाड नाहीच गं," आसनाचा आराखडा वाचत फैयाज तांबोळी म्हणाला. वर्कशॉपमधलं इलेक्ट्रॉनिक्स तो बघायचा. "गादीत श्रांतिमापक आहे. दमलेल्या माणसाच्या मांडीचे स्नायू बारीक थरथरतात. थरथर हद्दीबाहेर गेली, की आसन त्याला पेडलपर्यंत जाऊ देत नाही. वाळू दमत नाही."

"आणि आपण सातजण?"

"आरशात बघ."

रामकिसन हसला. "मग गोणी ठेवून पुढे आणा, अन् मग मी बसतो. हाय काय नि नाय काय!"

तसंच केलं. तो बसला. अर्धा मिनिट आसन गप्प राहिलं. मग हळूच मागे निघालं, पाठ कलू लागली.

"अहो, थांबवा ह्याला, मला पाचला..."

वाक्य तिथेच राहिलं. तो घोरत होता.

गाडीतल्या पडद्यावर आकडा उमटला. फैयाजने वाचला, "थरथर हद्दीत यायला अकरा तास चाळीस मिनिटं."

यमुनाने घड्याळ बघितलं.

"श्रांतिमापकाची तार कापू?" त्याने विचारलं. "मग उठवू. जाईल चालवत."

"चार पेशंट मागे बसवून?"

फैयाजने पक्कड खाली ठेवली.

सव्वाचार वाजले होते. नऊ वर्षांत यमुनाने एकही खोटा दाखला लिहिला नव्हता, आणि त्यामुळेच तिच्या सहीला दवाखान्यात किंमत होती. तिने दाखल्यांचं पुस्तक ओढलं. लिहिलं: मोटर जळाली. नवीन उद्या दुपारी येईल. तोवर गाडी हलवू नये.

खाली दुसरी सही लागायची. फैयाजने एकदा तिच्याकडे, एकदा आडव्या झालेल्या रामकिसनकडे बघितलं. सही केली.

मग जाऊन कॉम्प्रेसर बंद केला, फार आवाज करतो म्हणून.