छतातलं झाकण

ही ऐकीव गोष्ट नाही. जिच्यासोबत घडली ती माझी सख्खी मोठी बहीण, आणि ताई पुड्या सोडणाऱ्यातली नाही.

ताई बोटींची तपासणी करते. बोट सुरक्षित असेल तर सही, नाहीतर नाही. दाजी म्हणतात, "हिच्या हातून आमच्या घरातलं स्टूलसुद्धा पास व्हायचं नाही."

चार वर्षं झाली. मंगळवार होता. भर दुपार, पावणेदोन.

बंदरात स्कूबा डायव्हिंगवाली एक बोट उभी होती. पर्यटक आठवडाभर तिच्यावरच राहतात. दिवसा समुद्रात बुड्या, रात्री तळातल्या खोलीत झोप. शनिवारी हंगामातली पहिली फेरी. अठरा जण येणार होते.

"नवीकोरी बोट आहे ताई," मालक म्हणाला. "नुसती नजर टाका आणि सही करा."

ताईने जिन्याकडे पाहिलं. रंग ताजा होता. पण पायऱ्या मधोमध झिजलेल्या.

नव्याकोऱ्या बोटीच्या?

तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली.

आणखी एक. खलाशांची अंथरुणं डेकवर गुंडाळून ठेवलेली होती. खाली झोपायचे अठरा बंक रिकामे, आणि हे उघड्यावर झोपतात?

"खाली उकडतं," कप्तान म्हणाला. नजर मात्र चुकवली.

ताई एकटीच खाली उतरली.

लांबट खोली. दोन्ही बाजूंना दुमजली बंक. गाद्या अजून प्लॅस्टिकमध्येच. एका टोकाला जिना. दुसऱ्या टोकाला, शेवटच्या वरच्या बंकावर, छतात एक चौकोनी झाकण. जिन्याच्या बाजूला आग लागली तर सुटकेची वाट ती एवढीच.

ही वाट ताई नेहमी स्वतः चालून बघते. डोळ्यांना रुमाल बांधून. धुरात डोळ्यांचा काय उपयोग?

तिने रुमाल बांधला. बंकांच्या कडा चाचपत निघाली.

एक... दोन... तीन...

चौथ्या बंकावर हाताला लागला... एक पाय.

उबदार.

"अरे, सॉरी हं," म्हणून तिने हात मागे घेतला. कुणी खलाशी पडला असेल, असं वाटलं.

मग लक्षात आलं... खाली तर कुणी झोपतच नाही.

तिने रुमाल ओढून काढला.

बंक रिकामा. प्लॅस्टिकवर सुरकुतीसुद्धा नाही.

दुसरं कुणी असतं तर पळालं असतं. ताई हट्टी. ती तशीच शेवटच्या बंकावर चढली आणि झाकण ढकललं.

हललं नाही.

दोन्ही हात लावले. खांदा लावला. ढिम्म.

आणि मागे... कुणीतरी खोकलं.

मग आणखी एक जण. मग खालच्या बंकातून... मग मधल्या वाटेतून. जणू तिच्यामागे रांग लागली होती आणि सगळे ती वर जायची वाट बघत होते.

मग अगदी कानाशी, एक थकलेला बाईचा आवाज...

"नाही ना उघडत? आमच्यानेही नाही उघडलं."

ताई जिना कशी चढली, तिला आजही आठवत नाही.

पण वर आल्यावर पहिलं काम तिने काय केलं असेल? त्या झाकणाच्या कडेचा रंग खरवडला. रंगाखाली चार स्क्रू. वरून घट्ट आवळलेले.

"पाणी गळत होतं म्हणून लावले," मालक म्हणाला. "उद्या काढतो. त्यात काय एवढं!"

"या बोटीचं आधीचं नाव काय?"

मालकाचं हसू मावळलं. "सही करणार की नाही, तेवढं बोला."

ताईने सही केली नाही.

ती धक्क्यावर उतरली तेव्हा कप्तान मागोमाग आला. हळूच म्हणाला, "ताई... किती जण होते?"

तिने कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

ताईने वरिष्ठांना लगेच अहवाल दिला. पण शनिवारी बोट सुटली. सही दुसऱ्या कुणीतरी केली.

पुढचे आठ दिवस ताई रोज बंदरात फोन करून बोटीची खबर काढत होती. बोट परतल्याचं कळताच तिने त्या फेरीतल्या एका शिक्षिकेचा नंबर मिळवून फोन लावला.

"मस्त झाली हो सहल!" बाई खुशीत होत्या. "फक्त झोपेचं खोबरं. रोज रात्री कुणीतरी एकेकाला हलवून उठवायचं. 'वर चला, वर चला,' करून. सगळे वर जाईपर्यंत सोडायचं नाही. पण काळजी घेतात मात्र!"

"कोण उठवायचं?"

"पहारेकरी असेल ना रात्रीचा?"

"तुम्ही पाहिलात?"



"अंधार असायचा," बाई सावकाश म्हणाल्या. "आणि आम्ही वर यायचो तेव्हा... खलाशी तर सगळे घोरत असायचे."

त्यांनी फोन ठेवला. पुन्हा कधी उचलला नाही.

चौकशीचा हुकूम निघेपर्यंत बोट विकली गेली होती. कुणाला, कुठे, पत्ता नाही. कुठल्यातरी बंदरात, नव्या रंगात, नव्या नावाने ती आजही पर्यटक नेत असणार.

त्यानंतर अशा कुठल्या बोटीवर कुणाला इजा झाल्याचं ऐकलेलं नाही. दाजी म्हणतात, "मग झालं तर. कुणीतरी पहारा देतंय ना?"



मला मात्र एकच वाटत राहतं... जे स्वतः वर येऊ शकले नाहीत, ते दुसऱ्यांना किती दिवस उठवत राहतील?