रकाना सात : मजुरी

रकाना ४ : शेवटच्या घरापर्यंतचं उरलेलं अंतर

चाळीस मीटर. खोडून एकोणचाळीस. तेही खोडून अडतीस.

दुसऱ्यांदा खोडल्यावर डॉ. यामिनी ठोसरने पेन खाली ठेवलं. तळवड उपकेंद्राच्या नियंत्रण कक्षात दूरमापकाच्या पडद्यावर जमिनीखालच्या तारबुरशीची हिरवी रेघ सातपुड्याच्या नकाशावर मुंगीच्या चालीने वर चढत होती. अकरा किलोमीटर चढून झाली होती. वरच्या टोकाला नऊ ठिपके होते. एकेक ठिपका म्हणजे उमरपाणी पाड्यातलं एकेक घर, आणि त्यांतल्या एकाही घराने आजवर विजेचा दिवा पाहिला नव्हता.

समोर बसले होते योजनेचे खर्चतपासणी अधिकारी बागूलसाहेब. रकान्यांचा तक्ता त्यांचा, सही त्यांची. आज संध्याकाळी सहापर्यंत तारबुरशीतून तासभर अखंड वीज वाहिली, तर उमरपाणीसह त्रेचाळीस पाड्यांना मंजुरी मिळणार होती. नाही वाहिली, तर आठ वर्षांचं काम फायलीत बंद.

रकाना ५ : खांब

शून्य.

त्या शून्यावर बागूलसाहेबांचं बोट थांबलं. त्यांचा हिशेब पाठ होता. पन्नास मीटरला एक खांब धरला तर दोनशे वीस खांब. घरं नऊ, आणि तीही एकत्र नाहीत. जो तो आपल्या शेतात, आपल्या टेकडीवर. घरामागे चोवीस खांब. याच भागाकाराने उमरपाणी तीनदा नामंजूर झाला होता.

यामिनीने त्यांना पुन्हा एकदा सगळं सांगितलं. बाराव्यांदा असेल, पण तिचा आवाज पहिल्यांदा सांगत असल्यासारखाच चढत होता. ही बुरशी मातीतलं लोह गोळा करते आणि आपल्या धाग्यात गुंफते. म्हणजे मातीखाली आपोआप वाढणारी लोखंडी तार. तिला तांबं लागत नाही, खांब लागत नाही, खणावंसुद्धा लागत नाही. वीज हेच तिचं खाणं. वाहून नेलेल्या विजेतला थोडा वाटा ती खाते, बाकीची पुढे सोडते.

“वीज हे खाणं असेल,” बागूलसाहेब म्हणाले, “तर ती पाड्याकडे कशाला जाईल? वीज तर इथे आहे.”

आजवर हा प्रश्न कोणत्याही साहेबाने विचारला नव्हता. यामिनीला त्यांना चहा पाजावासा वाटला.

“जात नाही. तिला तिकडून बोलवावं लागतं. पाड्यात आम्ही हाकयंत्र ठेवलंय. ते मातीत थोडी वीज सोडत राहतं. बुरशीला तिचा वास लागतो आणि ती त्या रोखाने वाढते.”

“आणि जोडली गेली की? वीज कुठून कुठे वाहायची, हे कोण ठरवतं?”

“कोणीच नाही. जिथे दाब जास्त तिथून कमी दाबाकडे. पाण्यासारखं.”

साहेबांनी मान हलवली आणि पाचव्या रकान्यापुढे बरोबरची खूण केली.

रकाना ७ : मजुरी

शून्य.

हेही यामिनीनेच लिहिलं होतं, आणि जरा अभिमानाने.

हाकयंत्र सौरपट्ट्यांवर चालायचं. पण मंगळवारी अवेळी ढग आले ते हटेनात. पाडा एक किलोमीटरवर असताना हिरवी रेघ थांबली. काल पहाटे यामिनी स्वतः डोंगर चढली, यंत्राला हाताने फिरवायचा दांडा बसवला आणि पाड्याच्या कारभारीण सायजाबाई पावरा यांना विचारलं, कोण फिरवेल?

सायजाबाईंनी तिलाच उलट विचारलं, लाह बोलावतेस का? लाह म्हणजे काय, हे यामिनीने वाचलं होतं : एकाचं काम, सगळ्यांचे हात, पैसा नाही. ती हो म्हणाली. अर्ध्या तासात नऊही घरांतली माणसं टेकड्या उतरून आली आणि पाळीपाळीने दांडा फिरवू लागली. चेष्टामस्करी सुरू झाली. कोणाच्या हाताने रेघ जास्त पळते, यावर पैजा लागल्या. नवऱ्यापेक्षा आपली पाळी लांब चालली, हे पाड्यातल्या गुंजारीने दिवसभर सगळ्यांना ऐकवलं.

आज सकाळी उतरताना यामिनी म्हणाली होती, “दिवे लागले की सोडून द्या बरं.”

“तू ये,” सायजाबाई हसल्या. “मग सोडू.”

किती प्रेमाने बोलतात ही माणसं, असं तेव्हा तिच्या मनात आलं होतं.

रकाना ४, पुन्हा

शून्य!

तीन वाजून दहा मिनिटांनी रेघ शेवटच्या ठिपक्याला भिडली. उपकेंद्राचे चालक दिलवर वळवी यांनी खटका दाबला. प्रवाहमापकाचा काटा मधल्या शून्यावरून हलला आणि उजवीकडे झुकला. तारेच्या तोंडाशी लावलेला निशाणीचा दिवा पेटला. वर नऊ दिवे लागले असणार. फोन लागत नव्हता, पण काटा खोटं बोलत नाही. यामिनीने दिलवरभाऊंचा हात धरून इतका हलवला, की ते म्हणाले, “ताई, खांदा निखळंल. मग ब्रेकर कोन पाडंल?”

बागूलसाहेबांनी घड्याळ टेबलावर ठेवलं.

रकाना ८ : अखंड प्रवाह, मिनिटांत

दहा. पंचवीस. चाळीस.

एक्केचाळिसाव्या मिनिटाला पंखा

थांबला. रोहित्राची घरघर थांबली, बाहेर बाजारातला भोंगाही थांबला. बाहेरून येणारी मोठी लाइनच गेली होती. ब्रेकर आपोआप पडला. आता उपकेंद्रात पाठवायला वीजच नव्हती.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. त्यांनाही वाईट वाटत होतं, हे टोपण लावायला त्यांनी जो वेळ घेतला त्यावरून कळत होतं. एकोणीस मिनिटं कमी पडली. यामिनी खिडकीकडे पाठ करून उभी राहिली. तिला त्रेचाळीस पाड्यांची नावं ओळीने आठवायला लागली.

“ताई,” दिलवरभाऊ म्हणाले. “ह्यो दिवा.”

या ओळीला रकाना नाही

निशाणीचा दिवा पेटलेला होता. थोडा मंद, पण पेटलेला. प्रवाहमापकाचा काटा शून्याच्या डावीकडे होता.

यामिनीने मापकावर टिचकी मारली. काटा थरथरला आणि पुन्हा डावीकडेच गेला. डावीकडे म्हणजे वीज येत होती. वरून, अकरा किलोमीटर मातीतून, बुरशीचा वाटा देऊन, इकडे.

तिने घाईघाईने तळहातावर आकडे मांडले. एक माणूस दांडा फिरवत राहिला तर साठेक वॅट. नऊ दिव्यांना सत्तावीस. बुरशीला तिसाच्या आसपास. उरले दोन-तीन. निशाणीचा दिवा दोन वॅटचा होता.

“ते अजून फिरवतायत,” ती म्हणाली, आणि मग जोरात हसत सुटली. “साहेब, इकडचा दाब गेला. आता जास्त दाब त्यांचा. त्यांना वीज गेल्याचं कळलंसुद्धा नसेल, त्यांचे दिवे चालूच आहेत!”

बागूलसाहेब उठून काट्यापाशी गेले. मग तक्त्यापाशी. आठव्या रकान्याचा मजकूर त्यांनी बोट ठेवून शब्द न् शब्द वाचला.

“यात दिशा विचारलेली नाही,” ते म्हणाले, आणि पेनाचं टोपण काढलं.

उरलेली एकोणीस मिनिटं तिघं त्या दोन वॅटच्या दिव्याकडे एकटक बघत राहिले. दिवा एकदा फडफडला. पाळी बदलली असेल. यामिनीच्या डोळ्यांपुढे गुंजारी आली, नवऱ्याला बाजूला सारणारी. चार वाजून दहा मिनिटं झाली, आणि आठव्या रकान्यात साठ पडले.

रकाना १ : ग्राहक

इथे ‘उमरपाणी पाडा, घरं नऊ’ असं छापलेलं होतं. साहेबांनी ते खोडलं. ‘पुरवठादार’ असा शब्द हाताने लिहून त्याच्यापुढे उमरपाणी घातलं. ग्राहकाच्या जागी लिहिलं : तळवड उपकेंद्र.

“दांड्याऐवजी तिथल्या झऱ्यावर पाणचक्की बसवली तर?” त्यांनी विचारलं. सकाळपासून पहिल्यांदाच ते खुर्चीच्या टोकावर बसले होते.

“तर त्रेचाळीस पाडे तुम्हाला बिल पाठवतील,” यामिनी म्हणाली.

रकाना ७, पुन्हा

सहीआधी साहेबांचं बोट त्या शून्यावर आलं आणि थांबलं.

“कालपासून माणसं फिरवतायत. हे शून्य कसं?”

“लाह होती,” यामिनी म्हणाली. “पैसे घेत नाहीत ते.”

“घेत न्हाईत,” दिलवरभाऊ म्हणाले. त्यांच्या आईचं माहेर त्याच डोंगरातलं. “पर ज्यानं लाह बोलावली, त्यानं शेवटी आपल्या हातानं जेवाया वाढायचं. तो वाढीपर्यंत काम थांबत न्हाई. थांबवलं तर बोलावनाऱ्याची इज्जत जाती.”

तू ये, मग सोडू.

यामिनी खाली बसली. तिने काल जेवण घातलं नव्हतं, आज सकाळीही नाही. दिवे कधीच लागले होते, काम झालं होतं, आणि तिची इज्जत सांभाळायला नऊ घरं तिकडे दांडा फिरवत होती.

घाटातून जीपने दोन तास, मग तासभर चढ. दिलवरभाऊंनी किराणा दुकानातून मक्याचं पीठ, डाळ, तेल, गूळ जीपमध्ये टाकायला लावलं. भाकऱ्या थापता येतात का, असं त्यांनी यामिनीला विचारलं. ती म्हणाली, शिकेन. बागूलसाहेबांनी सातव्या रकान्यातलं शून्य खोडून ‘चालू आहे’ असं लिहिलं, सही केली आणि न विचारता मागच्या सीटवर जाऊन बसले.

“पोचल्याचं कसं कळवू?” जीप सुरू होताना यामिनीने विचारलं.

दिलवरभाऊंनी दारातूनच आत, त्या दिव्याकडे बोट केलं.

“तुमी वाढाया घेतलं की दांडा थांबंल, ह्यो विझंल,” ते म्हणाले. “तवर लाइन आली तरी ब्रेकर पडलेलाच ऱ्हाईल. मी बसतो बघत.”