माझ्यासाठी मागणारा

मदत कार्यालयाबाहेरचा बाक डुगडुगता आहे, हे मला कुठे ठाऊक होतं? मी आपली उठत होते, खिडकीपर्यंत जात होते, परत येऊन बसत होते, पुन्हा उठत होते... आणि दर वेळी बाकाच्या दुसऱ्या टोकाचा माणूस धप्पकन खाली जात होता.

"एक विनंती करू?" शेवटी तो म्हणाला. "तुम्ही एकतर बसा, नाहीतर उभ्या राहा. मी आत्ताच पोटभर नाश्ता केलाय."

मला हसू यायला हवं होतं. पण मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. हा आवाज मी ओळखत होते!

"तुम्ही... रेडिओवर... हवामान?"

"दुपारनंतर तुरळक सरींची शक्यता," तो अगदी तस्साच म्हणाला. "हो, तो खोटारडा मीच."

दादाच्या चष्म्याच्या दुकानात मी चार वर्षं काचा घासल्या, त्या या आवाजाच्या सोबतीने. त्याच्या भरवशावर छत्री न घेता किती वेळा भिजले, याचा हिशेब त्याच्याकडे मागायला हवा होता. पण मागणं आणि मी! चहात साखर कमी पडली तर मी तो तसाच पिते, पण साखर मागत नाही. दादाकडे कधी पगार मागितला नाही. वहिनी म्हणते, हिच्या जिभेला 'द्या' हा शब्द शिवतच नाही.

आणि अशी मी त्या दिवशी चक्क आर्थिक मदत मागायला आले होते. आमचं महाविद्यालय धर्मशास्त्राचं. पदवीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यास. पहिल्या वर्षी जुने ग्रंथ आणि प्रार्थना, दुसऱ्या वर्षी हॉस्पिटलात आजारी माणसांपाशी बसायचं शिक्षण. मी आले होते ती या दुसऱ्या वर्षासाठी. पहिल्या वर्षाची फी दादाने भरली होती, आणि स्पष्ट सांगितलं होतं, "पुढचं तुझं तू बघ. नाही जमलं तर दुकान आहेच." मदत मिळाली नाही तर मी पुन्हा काचा घासणार होते. नुसत्या विचारानेच मला बसवत नव्हतं.

दार उघडून कार्यालयातल्या काकू बाहेर आल्या. त्यांना सगळे काकूच म्हणत.

"तुम्ही दोघं शेजारी बसलायत ना? मग तुम्ही एकमेकांचे कैवारी."

"म्हणजे?" मी विचारलं.

"आपल्याकडे मदतीसाठी स्वतः कुणी मागायचं नाही, अशी पहिल्यापासूनची रीत आहे. समितीपुढे तुझी गरज हा मांडणार आणि याची तू. आठवडाभरात एकमेकांची नीट माहिती करून घ्या. आणि हो, कैवारी नात्यातला चालत नाही, गुंतलेला चालत नाही. तसं निघालं तर त्याचं बोलणं बाद. मग ज्याचं त्याने मागायचं."

माझ्या डोक्यावरचा डोंगरच उतरला. माझ्यासाठी मागणारा दुसराच कुणी, आणि तोही असा आवाज असलेला! मी आनंदाने पुन्हा बसले. तो पुन्हा उडाला.

"काकू," तो कंबर धरत म्हणाला, "या भिंगरीची गरज मला कळली. हिला खिळे हवेत."

दुसऱ्या दिवसापासून आमची माहिती करून घेणं सुरू झालं. तो रेडिओ सोडून पहिल्या वर्षाला नुकताच आला होता, एवढंच मला कळलं होतं. कॅन्टीनमध्ये तो वही उघडून बसला.

"बोला. या शिक्षणाची तुम्हाला गरज काय?"

"आहे गरज."

"वा! समिती ढसाढसा रडेल."

"तुमचं काय ते आधी सांगा."

"मी बोलून बोलून थकलेला माणूस आहे. आता ऐकायची पाळी माझी." आणि मग हळूच, "साखर हवीय ना? दोनदा घोट घेऊन तोंड वाकडं केलंत. मागा की!"

"नकोय मला."

तो उठला, साखरेचं भांडं आणून माझ्यासमोर ठेवलं आणि मुद्दाम दुसरीकडे बघत बसला. मी चमचाभर साखर घातली. का कोण जाणे, मला एकदम बोलावंसं वाटलं...

मी त्याला आईबद्दल सांगितलं. ती आजारी असताना आम्ही सगळे डॉक्टरांच्या मागे धावत होतो. एके दुपारी या महाविद्यालयातल्या एक बाई आल्या, तिचा हात हातात घेऊन बसल्या. फारसं काही बोलल्याही नाहीत. त्या दिवशी आई किती दिवसांनी पोटभर जेवली. "मला ते शिकायचंय," मी म्हटलं. "नुसतं बसायला. मला मेलीला बसताच येत नाही ना, म्हणून."

त्याने वही मिटली. काहीच लिहिलं नव्हतं.

"लिहून घेत नाही?"

"लक्षात राहील," तो म्हणाला. या वेळी त्याचा आवाज रेडिओवरचा नव्हता.

त्याच्याकडून माहिती काढणं म्हणजे मात्र दिव्य होतं. प्रश्न विचारला की विनोद! शेवटी एकदा वाचनालयाच्या पायऱ्यांवर, पावसाची भुरभुर चालू असताना, मी त्याची छत्रीच काढून घेतली. "सांगितल्याशिवाय मिळणार नाही."

"दादागिरी आहे ही!"

"आहे."

मग तो सांगू लागला. वडील शिंपी. वर्षभरापासून त्यांचे हात थरथरतात, सुईत दोरा जात नाही, दुकान बंद. साठवलेलं सगळं तो घरी पाठवत होता. "रेडिओवर हजारो लोकांशी बोलायचो," तो म्हणाला. "पण समोर कुणीच नसायचं. एक दिवस वाटलं, समोर बसलेल्या एखाद्या माणसाशी तरी बोलून बघावं."

"मग?"

"मग... तू बसलीस. आणि उठलीस. आणि पुन्हा बसलीस..."

तो 'तू' म्हणाला होता. त्याच्या पापण्यांवर पावसाचे बारीक थेंब होते. मी छत्री उघडून त्याच्या डोक्यावर धरली आणि स्वतः भिजत राहिले. माझं मलाच ते बऱ्याच वेळाने कळलं.

त्या संध्याकाळपासून माझ्या जिवाला चैन पडेना. ग्रंथ उघडावा तर ओळी पुढे सरकेनात. प्रार्थनेला डोळे मिटावेत तर तो दिसे. खोलीतून गच्चीवर, गच्चीवरून नळापाशी, नळापासून परत खोलीत... माझी खोलीतली मैत्रीण म्हणाली, "तुला काही चावलंय का गं?" चावलंच होतं! आणि कधी, तर ज्या आठवड्यात मला कुणात गुंतायची बंदी होती, नेमक्या त्याच आठवड्यात.

मी ठरवलं, समिती होईपर्यंत त्याचं तोंड बघायचं नाही. कॅन्टीन टाळलं, वाचनालय टाळलं. एकदा तर त्याला येताना बघून मी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने पळ काढला. वाटलं, दूर राहिलं की गुंता आपोआप सुटेल. कसला सुटतोय! उलट प्रत्येक वळणावर मीच त्याला शोधत होते.

समितीच्या दिवशी लांबलचक टेबलामागे पाच जण बसले होते. मधोमध अध्यक्षबाई. पिकलेले केस, नजर मात्र धारदार. आधी माझा अर्ज निघाला. तो उभा राहिला.

"बोलण्याआधी एक सांगा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "हिच्या भल्यात तुमचं स्वतःचं काही गुंतलंय का?"

नाही म्हण, मी मनात म्हटलं. एका शब्दाचं काम आहे. म्हण ना रे!

त्याने हातातली वही उघडली, मिटली. हजारो लोकांना न अडखळता ऊन-पाऊस सांगणारा माणूस एका शब्दाला अडला होता.

"हो," तो म्हणाला. "गुंतलंय. ही इथून गेली तर... मला करमणार नाही."

माझे कान तापले. आनंदाने की संतापाने, कुणास ठाऊक. माझं दुसरं वर्ष त्याने एका शब्दात पाण्यात घातलं होतं!

"मग तुमचं बोलणं बाद," अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "आता तू. याच्या भल्यात तुझं काही गुंतलंय?"

मला सूड घ्यायचा नव्हता, त्याला वाचवायचं होतं. नाही म्हटलं तर निदान त्याची फी तरी सुटेल. त्याच्या वडिलांचे थरथरते हात माझ्या डोळ्यांपुढे आले. मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, त्याच्याकडे बघितलं... आणि म्हटलं, "हो. माझंही."

समितीतले एक गृहस्थ खोकले. कोपऱ्यातल्या काकूंनी कपाळावर हात मारून घेतला.

"दोन्ही बाद," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आता ज्याचं त्याने मागा."

तो आधी बोलला, आणि काय बोलला! 'म्हणजे', 'तसं बघायला गेलं तर', 'अडचण आहे पण नाहीही'... वडिलांचं नाव काढलं आणि खालीच बसला. मग माझी पाळी. मी उठून उभी राहिले. एवढ्या माणसांसमोर मनातलं सर्वांत अवघड ते बोलून झालं होतं. आता लाजायला उरलं काय?

"मला पूर्ण फी माफ करा," मी म्हणाले. "मला दुसरं वर्ष करायचंय. इथल्या एक बाई माझ्या आईपाशी बसल्या, तसं मला कुणापाशी तरी बसायचंय. माझ्याकडे पैसे नाहीत. मला परत दुकानात जायचं नाही. मला हे हवंय... द्या."

आयुष्यात पहिल्यांदा मी तो शब्द उच्चारला. काही कोसळलं नाही. अध्यक्षबाईंनी फक्त मान डोलावली.

दुपारी काकूंनी निकाल सांगितला. माझी फी पूर्ण माफ. त्याची अर्धी.

बाहेर आल्याबरोबर मी त्याच्यावर तुटून पडले. "नाही म्हणायला काय झालं होतं तुला? आणि निदान स्वतःसाठी तरी नीट बोलला असतास तर तुझ्यावर ही पाळी आली असती का?"

"मनातल्या मनात म्हणून बघितलं," तो म्हणाला. "जमेना. हवामानाबद्दल खोटं बोललो असेन, पण तुझ्याबद्दल..." पुढचं वाक्य त्याने तसंच सोडलं आणि माझ्याकडे बघत राहिला.

माझा राग कुठल्या कुठे गेला. "आणि उरलेल्या अर्ध्या फीचं काय करणार?"

"रेडिओवर परत काम विचारून ठेवलंय. पहाटेच्या बातम्या. सकाळी काम, दुपारी वर्ग."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी? काही नाही. का?" त्याच्या डोळ्यांत हसू होतं. त्याला सगळं कळलं होतं, पण माझ्या तोंडून वदवून घ्यायचं होतं.

मी खिडकीकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं, निघून जावं म्हणून एक पाऊल टाकलंही. मग मागे फिरले.

"मला हव्यात," मी म्हणाले. "तुझ्या संध्याकाळी... सगळ्या."

"घे," तो म्हणाला.